चिनी बारा प्राणी : नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

सिंगापूरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी आंटी राहतात. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा दोन-तीन दिवसांतच लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "तू कुठल्या प्राण्याची?" मी नुसती बघत राहिले. मग त्यांनीच समजावलं, अगं तुझं वय विचारतेय. सरळ वय विचारणं बरं दिसत नाही म्हणून प्राणी विचारायचा, प्राणी दर बारा वर्षांनी परत येतो, म्हणजे समोरची बाई २४ ची की ३६ ची की ४८ ची एवढं तर चेहऱ्यावरून कळतंच, बाकी हिशोब मनातल्या मनात. मला ही रीत फार आवडली आणि तेव्हापासून मी या बारा प्राण्यांच्या मागेच लागले. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमची चिनी रास" म्हणून जे तक्ते फिरतात ते बघून नवीन माणूस पहिल्यापासूनच चुकीच्या रस्त्याला लागतो, म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहून काढतेय. एक कागद आणि पेन घेऊन बसा, पुढे लागणार आहे.

पायरी १ : "रास" हा शब्द बाजूला ठेवा

आपली रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र आकाशात कुठल्या राशीत होता ते. चिनी बारा प्राण्यांचा तारकांशी असा काही संबंध नाही. ती वर्षांची नावं आहेत, साधी मोजायची सोय. त्यामुळे आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट रास नाही, संवत्सर आहे. पाडव्याला पंचांग वाचताना "शके १९४८, पराभव नाम संवत्सर" असं आपण ऐकतो ना, तसंच तिकडे "घोड्याचं वर्ष". चिनी भाषेत या प्राण्यांना शेंगश्याओ म्हणतात.

आणि गंमत अशी की मोजणी आधीची आहे, प्राणी नंतरचे. चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीच्या, शांग राजवटीच्या काळातल्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेले मजकूर सापडलेत, त्यात दहा चिन्हांची एक माळ आणि बारा चिन्हांची दुसरी माळ जोडून दिवस मोजलेले दिसतात. त्या बारा चिन्हांना प्राण्यांची नावं बऱ्याच नंतर लागली. म्हणजे खुंट्या आधी ठोकल्या होत्या, प्राणी मागाहून टांगले.

पायरी २ : क्रम पाठ करा, पण गोष्टीतून

उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. नुसतं घोकलं तर दोन दिवसांत विसरायला होतं, म्हणून शर्यतीची गोष्ट लक्षात ठेवा, तिकडची पोरंही अशीच शिकतात.

स्वर्गातल्या जेड सम्राटाने सांगितलं की नदी ओलांडून माझ्याकडे पहिले बारा जे येतील त्यांच्या नावाने वर्षं ठेवीन. उंदराने बैलाला मस्का लावून त्याच्या पाठीवर बैठक मारली आणि काठ आला तशी पुढे उडी मारली, म्हणून उंदीर पहिला, बैल दुसरा. वाघ प्रवाहाशी झगडत तिसरा. ससा दगडांवरून उड्या मारत आला, मधे पाण्यात पडला तर एका ओंडक्याला धरून राहिला. ड्रॅगन उडू शकतो मग पाचवा का, तर वाटेत लोकांसाठी पाऊस पाडायला थांबला आणि शिवाय सशाचा ओंडका काठाला लागावा म्हणून त्याने फुंकर मारली, मला या गोष्टीतला हाच तुकडा सगळ्यात आवडतो. साप घोड्याच्या खुराला विळखा घालून आला आणि ऐनवेळी बाहेर आल्यावर घोडा दचकला, म्हणून साप सहावा, घोडा सातवा. शेळी, माकड आणि कोंबडा तिघं मिळून एका तराफ्यावर. कुत्रा पाण्यात खेळत बसला. डुक्कर वाटेत पोटभर जेवून झोपलं.

आणि मांजर? उंदराने तिला उठवायचं कबूल केलं होतं आणि उठवलंच नाही, तेव्हापासून दोघांचं वैर.

पायरी ३ : घड्याळाची तबकडी काढा

आता कागदावर मोठा गोल काढा, घड्याळासारखा. १२ च्या जागी उंदीर लिहा, १ ला बैल, २ ला वाघ, ३ ला ससा, ४ ला ड्रॅगन, ५ ला साप, ६ ला घोडा, ७ ला शेळी, ८ ला माकड, ९ ला कोंबडा, १० ला कुत्रा, ११ ला डुक्कर. माझी ही तबकडी कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे काढलेली आहे आणि अजून फ्रिजवर आहे, कारण एवढ्या एका चित्रात जवळजवळ सगळं बसतं.

प्राणी काढायचा असेल तर इसवी सनातून ४ वजा करा, १२ ने भागा, बाकी उरेल तो आकडा तबकडीवर बघा, बाकी शून्य आली तर १२ चा उंदीर. यंदाचं घ्या, २०२६ वजा ४ म्हणजे २०२२, त्याला १२ ने भागलं की बाकी ६, तबकडीवर ६ ला घोडा. झालं.

तबकडीवर समोरासमोर येणारे प्राणी, म्हणजे उंदीर-घोडा, बैल-शेळी, वाघ-माकड वगैरे, यांचं पटत नाही असं मानतात. चार-चार घरांच्या अंतरावर येणाऱ्या तिघांचं मात्र छान जमतं. उंदीर-ड्रॅगन-माकड हा एक त्रिकोण, बैल-साप-कोंबडा दुसरा, वाघ-घोडा-कुत्रा तिसरा, ससा-शेळी-डुक्कर चौथा. लग्न जुळवताना आपण गुण बघतो तसं तिकडचे जुने लोक हे बघतात. माझा स्वतःचा यावर विश्वास नाही, पण पाठ करायची गरजच नाही, गोलात त्रिकोण काढला की झालं, ही रचना मला सुंदर वाटते.

पायरी ४ : जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांनी थांबा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या मधे कधीतरी सुरू होतं. २०२४ ला १० फेब्रुवारी होती, २०२५ ला २९ जानेवारी, २०२६ ला १७ फेब्रुवारी, आणि २०२७ ला ६ फेब्रुवारी आहे.

आपल्याला हे समजायला सोपं जातं, कारण तिकडेही चांद्रमास आहेत आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधिक महिनाही घालतात. फरक एवढाच की आपला महिना अमावस्या संपल्यावर प्रतिपदेला सुरू होतो आणि त्यांचा महिना जिथे अमावस्या घडते त्याच दिवसापासून. म्हणून कॅलेंडरमध्ये बघितलंत तर चिनी नवं वर्ष आपल्या अमावस्येच्या आसपासच सापडेल, २९ जानेवारी २०२५ ला तर आपल्याकडे मौनी अमावस्या होती. आपला पाडवा त्यानंतर साधारण एक किंवा दोन महिन्यांनी येतो.

माझा मुलगा २० जानेवारी २०१४ चा. ऑनलाइन सगळीकडे २०१४ म्हणजे घोडा असं लिहिलेलं, मी त्याला घोड्याचं चित्र असलेला टी-शर्टही आणला, आणि आंटींनी तारीख ऐकून लगेच मान हलवली, नाही, हा साप आहे, कारण त्या वर्षी घोडा ३१ जानेवारीला आला. अकरा दिवसांनी प्राणी बदलला. म्हणून जन्म या काळातला असेल तर त्या सालची नव्या वर्षाची तारीख शोधा आणि जन्म त्याच्या आधीचा असला तर मागच्या सालाचा प्राणी घ्या.

एक बारीक गोष्ट अजून. भविष्य सांगणारे लोक हा बदल साधारण ४ फेब्रुवारीच्या वसंतारंभापासून धरतात, नव्या वर्षाच्या दिवसापासून नाही. त्यामुळे एकाच माणसाचे कधीकधी दोन प्राणी निघतात, आणि दोन्ही सांगणारे आपापल्या हिशोबाने बरोबर असतात.

पायरी ५ : बारा नाही, साठ

खरं चक्र साठ वर्षांचं आहे. प्राण्याबरोबर एक तत्त्वही येतं, लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपल्या पंचमहाभूतांशी याची गल्लत करू नका, यात वायू आणि आकाश नाहीत. ओळखायचं सालाच्या शेवटच्या आकड्यावरून. ४ आणि ५ लाकूड, ६ आणि ७ अग्नी, ८ आणि ९ माती, ० आणि १ धातू, २ आणि ३ पाणी. २०२४ लाकडाचा ड्रॅगन, २०२६ अग्नीचा घोडा. तोच प्राणी आणि तेच तत्त्व परत एकत्र यायला साठ वर्षं लागतात.

आता हे बघा. माझी मावशी ऑगस्ट १९६६ ची, म्हणजे अग्नीचा घोडा, आणि २०२६ ला ती साठीची होतेय तेव्हा परत अग्नीचाच घोडा आलाय. आणि आपल्या पंचांगात १९६६ च्या पाडव्याला जे संवत्सर लागलं तेही पराभव, आणि २०२६ चंही पराभव. दोन्ही साठ-साठचीच चक्रं, फक्त चिनी चक्र आपल्यापेक्षा तीन वर्षं आधी सुरू होतं. त्यांचं चालू चक्र १९८४ ला सुरू झालं, आपलं प्रभव संवत्सर १९८७ ला. आपण साठीशांत करतो, जपानमध्ये साठाव्या वर्षी कानरेकी करतात आणि त्या माणसाला लाल टोपी आणि लाल कोटासारखं वस्त्र घालतात, कारण तो चक्र पूर्ण करून परत बाळ झाला.

तिबेटी लोकांचं तर याहून जवळचं नातं आहे. त्यांचं साठ वर्षांचं चक्र १०२७ पासून मोजतात, कालचक्र या बौद्ध परंपरेतून आलेलं, आणि त्याला ते राबजुंग म्हणतात, जो आपल्या "प्रभव" या शब्दाचाच तिबेटी अनुवाद आहे. चक्र आपलं आणि प्राणी चीनकडचे, असं दोन्ही त्यांनी एकत्र बांधलं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, तिथल्या लोकांचा लोसार म्हणजे याच प्राण्यांच्या वर्षाची सुरुवात, हे विदर्भातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.

या अग्नीच्या घोड्याची एक वाईट बाजूही आहे. जपानमध्ये याला हिनोए-उमा म्हणतात आणि या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी जुनी समजूत होती. १९६५ ला जपानमध्ये साधारण १८ लाख २० हजार मुलं जन्मली, १९६६ ला १३ लाख ६० हजार, आणि १९६७ ला परत १९ लाखांच्या वर. एका वर्षात एवढा खड्डा, आणि तोही एका समजुतीमुळे. आपल्याकडे मंगळाच्या मुलींना जे सोसावं लागतं ते आठवून मला हे आकडे वाचताना फार वाईट वाटलं होतं. याच्या उलट ड्रॅगन. तो शुभ म्हणून त्या वर्षी मुलं हवी असतात. चीनमध्ये २०२३ ला ९० लाख २० हजार जन्म झाले आणि ड्रॅगनच्या २०२४ ला ९५ लाख ४० हजार, कित्येक वर्षांच्या घसरणीनंतर पहिल्यांदा आकडा वर गेला.

पायरी ६ : प्राणी घड्याळातही आहेत

जुन्या चीनमध्ये दिवसाचे बारा भाग असायचे, दोन-दोन तासांचे. उंदराचा प्रहर रात्री ११ ते १, मग बैल १ ते ३, वाघ ३ ते ५, असं करत घोडा बरोबर दुपारी ११ ते १. घोड्याच्या त्या प्रहराचं चिन्ह "वू". आजही चिनी माणूस सकाळला शांगवू म्हणतो, म्हणजे वू च्या आधी, आणि दुपारनंतरच्या वेळेला श्यावू, वू च्या नंतर. रोज कोट्यवधी लोक घोड्याचं नाव घेतात आणि कोणाला ते जाणवतही नाही. दिशांनाही हेच, उत्तर उंदराची, दक्षिण घोड्याची, म्हणून भूगोलातल्या उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेखावृत्ताला चिनी आणि जपानी भाषेत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ उंदीर-घोडा रेषा.

उंदीर पहिला का, याचं शर्यतीशिवाय दुसरं एक जुनं उत्तर आहे आणि ते मला जास्त पटतं. चिनी विचारात सगळ्या गोष्टींच्या यांग आणि यिन अशा दोन विरुद्ध बाजू मानतात, त्यात विषम संख्या यांग आणि सम संख्या यिन. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे प्राणी बघा, वाघ, ड्रॅगन, माकड, कुत्रा यांना पाच बोटं आणि घोड्याला एक खूर. सम जागांवरचे बघा, बैल आणि शेळीचे खूर दोन भागांचे, ससा, कोंबडा आणि डुक्कर चार बोटांचे, सापाला पायच नाहीत तर त्याची दुभंगलेली जीभ मोजली. आणि उंदीर? त्याच्या पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. दोन्हीकडचा. म्हणून मध्यरात्रीचा प्रहर त्याचा, ज्याचा अर्धा भाग काल आणि अर्धा आज. हे ज्या कोणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं त्याने उंदीर हातात धरून बोटं मोजली असणार!

पायरी ७ : स्वतःचं वर्ष आलं तर अभिनंदन करू नका

नवीन लोकांना वाटतं की आपला प्राणी आला म्हणजे वर्ष भारी जाणार. उलट आहे. १२, २४, ३६, ४८, ६० असं स्वतःचं वर्ष आलं की त्याला बेनमिंगन्येन म्हणतात आणि ते जपून काढायचं वर्ष असतं. उपाय लाल रंग. लाल मोजे, लाल पट्टा, लाल आतले कपडे, वर्षभर. मावशी फेब्रुवारीत आमच्याकडे आली होती, आंटींनी वर्ष विचारलं, बोटांवर मोजलं आणि दुसऱ्या दिवशी लाल मोज्यांची जोडी घेऊन दारात हजर. हे स्वतः विकत घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं असतं, असं म्हणाल्या. तळव्यावर सोनेरी धाग्याने एक चिनी अक्षर विणलेलं, ते मुद्दाम तळव्यावर, म्हणजे वाईट माणसं पायाखाली राहतात. मावशीने त्यांना तिळाचे लाडू दिले. पुण्याला परत गेली तरी ते मोजे ती घालते, सकाळी फिरायला जाताना.

पायरी ८ : देश बदलला की प्राणी बदलतो

हे पटकन सांगते कारण क्विझमध्ये हमखास येतं. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी रेडा-म्हैस, म्हणून २०२३ ला चीनमध्ये ससा होता आणि व्हिएतनाममध्ये मांजर. म्हणजे शर्यतीत हरलेली मांजर तिथे जिंकली. जपानमध्ये डुकराच्या जागी रानडुक्कर, आणि तिथे १८७३ ला पाश्चात्त्य कॅलेंडर घेतल्यापासून प्राणी १ जानेवारीलाच बदलतो. थायलंडमध्ये ड्रॅगनच्या जागी नाग. आणि शेळी की मेंढी हा वाद घालत बसू नका, चिनीमध्ये "यांग" हा एकच शब्द दोघींना चालतो.

पायरी ९ : दोन गोष्टी ज्या सगळ्यांना सांगाव्याशा वाटतात

पहिली चोरांची. १९७५ ला हूबे प्रांतात श्वेहूदी इथे एका कबरीत बांबूच्या पट्ट्या सापडल्या, इसवी सनापूर्वी २१७ च्या सुमाराच्या, ती कबर एका सरकारी कारकुनाची होती. त्यात अशाच प्राण्यांची यादी आहे, पण भविष्यासाठी नाही, चोर ओळखण्यासाठी! उंदराच्या दिवशी चोरी झाली तर चोर टोकदार तोंडाचा, विरळ दाढीचा, चेहऱ्यावर काळा तीळ, आणि माल भिंतीच्या आत कचऱ्याखाली लपवलेला. आणि यादी पूर्णपणे आजच्यासारखी नाही, आज घोडा आहे त्या जागी तिथे हरीण आहे आणि घोडा एक घर पुढे. म्हणजे त्या काळी हे सगळं अजून ठरत होतं.

दुसरी बीजिंगची. युआनमिंगयुआन या राजवाड्यात अठराव्या शतकात सम्राटासाठी एक कारंजं बनवलं होतं, डिझाइन ज्युझेप्पे कास्तिल्योने या इटालियन मिशनऱ्याचं. बारा मूर्ती, अंग माणसाचं आणि डोकं प्राण्याचं ब्राँझमधलं, ज्याचा प्रहर असेल त्या प्राण्याच्या तोंडातून पाणी यायचं आणि दुपारी बाराला सगळ्या बाराच्या तोंडातून एकदम. १८६० ला ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी तो राजवाडा लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळला. हाच एल्गिन पुढे भारताचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ ला धरमशालेत वारला, त्याची कबर तिथल्या चर्चच्या आवारात आजही आहे. डोकी जगभर विखुरली. बैल, वाघ, माकड २००० साली हाँगकाँगच्या लिलावातून परत घेतले, डुक्कर आणि घोडा मकाऊचे उद्योगपती स्टॅन्ली हो यांनी विकत घेऊन देशाला दिले, उंदीर आणि ससा २०१३ ला फ्रान्समधून परत आले. सात झाले. ड्रॅगन, साप, शेळी, कोंबडा आणि कुत्रा अजून चीनमध्ये परत आलेले नाहीत. धरमशालेला गेलात तर त्या कबरीपाशी या पाचांची आठवण काढा.

मुंबईकरांना हे सगळं जवळून बघायचं असेल तर माझगावला डॉकयार्ड रोडच्या बाजूला जुनं चिनी मंदिर आहे, नव्या वर्षाच्या रात्री मुंबईतली उरलीसुरली चिनी कुटुंबं तिथे जमतात. जागा लहान आहे, शांतपणे जा आणि आत फोटो काढायच्या आधी विचारा.

पायरी १० : आता स्वतः करून बघा

१५ ऑगस्ट १९४७ चा प्राणी आणि तत्त्व काढा. मग १ मे १९६०, महाराष्ट्र स्थापनेचा. मग २६ जानेवारी १९५०, प्रजासत्ताक दिनाचा. उत्तरं खाली आहेत, आधी कागदावर करा.

१९४७ : वजा ४ केले की १९४३, बाकी ११, शेवटचा आकडा ७, म्हणजे अग्नीचं डुक्कर. १९६० : वजा ४ केले की १९५६, बाकी शून्य, शेवटचा आकडा ०, म्हणजे धातूचा उंदीर, चक्रातला पहिला प्राणी. आणि १९५० ला तुम्ही बाकी २ काढून वाघ लिहिला असेल तर पायरी ४ परत वाचा, त्या साली चिनी नवं वर्ष १७ फेब्रुवारीला होतं, म्हणून २६ जानेवारीला अजून १९४९ चा मातीचा बैलच चालू होता.